पात्रांचे स्वभावदर्शन : कथा-नाटकांतील रीती व त्यांचे अध्यापन

भाषेच्या पाठ्यपुस्तकातील गोष्ट वाचून झाली म्हणजे शिक्षक बहुधा एक प्रश्न विचारतात : "या गोष्टीतील मुलगा कसा होता?" वर्गातून तत्काळ उत्तर येते : "प्रामाणिक होता", "धाडसी होता", "दयाळू होता". शिक्षक ते शब्द फळ्यावर लिहितात, मुले वहीत उतरवून घेतात आणि पाठ पुढे सरकतो. शाळाभेटींच्या निमित्ताने हा प्रकार प्रस्तुत लेखकाने अनेक वर्गांत पाहिला आहे. उत्तर चुकीचे असते असे नाही. परंतु त्याच मुलाला "कशावरून?" असे विचारले, तर तो बहुधा गप्प राहतो किंवा स्वाध्यायातील वाक्य म्हणून दाखवितो. विशेषण त्याला मिळाले, पण माणूस त्याच्या दृष्टीस पडला नाही.

कथा, कादंबरी व नाटक या वाङ्मयप्रकारांत लेखक पात्राचा स्वभाव कसा उलगडतो, व तो क्रमाक्रमाने कसा वाढवीत नेतो, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. हा विषय केवळ महाविद्यालयातील साहित्याच्या विद्यार्थ्यांचा आहे, अशी समजूत असल्यास ती बाजूला ठेवावी. तिसरी-चौथीच्या वर्गात गोष्ट शिकविणाऱ्या शिक्षकालाही त्याची गरज आहे. किंबहुना शिक्षकाच्या एका नित्याच्या कामाशी त्याचा अगदी निकटचा संबंध आहे. तो कोणता, हे शेवटी सांगू.

१. सांगणे व दाखविणे

पात्राची ओळख करून देण्याच्या दोन मूळ रीती आहेत. पहिली सांगण्याची. "रामभाऊ मोठे तापट होते" असे लेखक स्वतःच सांगून मोकळा होतो. दुसरी दाखविण्याची. रामभाऊंचे जेवण चालू आहे, भाजीत मीठ कमी पडले आहे, आणि ते ताट तसेच सारून उठतात. येथे 'तापट' हा शब्द कोठेही आलेला नाही. तो वाचकाच्या मनात आपोआप उमटतो, आणि जे आपल्या मनात उमटते त्यावर आपला विश्वास अधिक बसतो.

सांगण्याची रीत हलकी व दाखविण्याची श्रेष्ठ, असा सरसकट निर्णय मात्र देऊ नये. लहान मुलांच्या गोष्टीत, आख्यानात व कीर्तनात सांगण्यावाचून गत्यंतर नसते. दोन ओळींत सांगून जे भागते, त्यासाठी दोन पाने खर्चण्याचे कारण नाही. चांगला लेखक गौण गोष्टी सांगतो आणि महत्त्वाच्या गोष्टी दाखवितो. नाटककाराला मात्र ही मुभा नाही. रंगभूमीवर लेखक स्वतः येऊन बोलू शकत नाही. पात्रांनी बोलावे, वागावे व प्रेक्षकांनी ओळखावे, एवढाच मार्ग त्याच्यापुढे असतो. म्हणून स्वभावदर्शनाच्या रीती समजून घेण्यास नाटक हे उत्तम साधन होय.

२. कृती आणि निवड

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने आपल्या काव्यशास्त्रावरील ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, माणूस काय पत्करतो व काय टाळतो यावरून त्याचा स्वभाव कळतो. दोन वाटा समोर असताना पात्र कोणती वाट धरते, तेथे खरी ओळख पटते. ज्या कृतीत निवडीला वावच नाही, ती कृती स्वभावाविषयी फारसे काही सांगत नाही. भूक लागली म्हणून जेवला, यात स्वभाव कोठला? स्वतः भुकेला असून भाकरी दुसऱ्याच्या हाती दिली, किंवा दिसू नये म्हणून लपविली, येथून गोष्ट सुरू होते.

आपणा शिक्षकांना जवळचे उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' ही १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेली कादंबरी. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण शिक्षक नेमणुकीवर जातो. शाळा बंद पडलेली आहे, आणि मुले मेंढरांमागे रानात आहेत. ही कथा तो शिक्षकच सांगतो. वाडीचा म्हातारा कारभारी कसा आहे हे विशेषणांनी सांगण्याची घाई येथे नाही. कारभाऱ्याच्या आधारानेच शाळेत मुले जमू लागतात, आणि त्यावरून त्याचे वजन आपल्याला कळते. पुढे आपल्या मुलीच्या संबंधात गैरसमज होऊन हाच कारभारी मास्तरांवर रुष्ट होतो. जो आधार होता, तोच दूर सरतो. म्हाताऱ्याचे शहाणपण व म्हाताऱ्याचा हट्ट ही एकाच माणसाची दोन अंगे आहेत, हे त्या प्रसंगाने वाचकाला उमगते. याच कादंबरीतील आनंदा रामोशी पहा. चोरी हा त्याच्या जगण्याचा भाग आहे, तरी मास्तरांशी तो ज्या मोकळेपणाने वागतो, त्यामुळे 'चोर' हा एकच शब्द त्याला पुरत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वतः मास्तर कसा आहे, हेही कादंबरी सांगत नाही. वाडीतील माणसे आपली लहानमोठी गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे येऊ लागतात आणि शिकविण्यापलीकडची कामे त्याच्या गळ्यात पडतात. लोक ज्याच्याकडे काम घेऊन येतात, तो त्यांच्या विश्वासाचा असतो. वाडीवर तालीम उभी राहते आणि पुढे दुष्काळाने वाडी रिकामी होते. या दोन्ही घटनांच्या वेळी मास्तर काय करतो व त्याच्या मनावर काय उमटते, यातून तो वाचकाच्या परिचयाचा होत जातो.

३. बोलण्याची धाटणी

माणूस काय बोलतो इतकेच महत्त्वाचे नाही. कसे बोलतो, कोणाशी बोलतो, व कोणत्या वेळी गप्प राहतो, हेही पाहावे लागते. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'नटसम्राट' या १९७० साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातील गणपतराव बेलवलकर हे वृद्ध नट आहेत. आयुष्यभर रंगमंचावर मोठमोठ्या भूमिका बोललेला हा माणूस घरातही त्याच भरदार भाषेत बोलतो. प्रेक्षागृहात जी वाणी टाळ्या घेत असे, तीच मुलांच्या घरी अडचणीची ठरते. संपत्ती मुलांना वाटून दिल्यावर त्या घरांत त्यांना जागा उरत नाही, या शोकांतिकेचे मूळ काही अंशी त्यांच्या बोलण्याच्या धाटणीतच दिसते. पत्नीला ते 'सरकार' म्हणून हाक मारतात. त्या एका संबोधनात चाळीस-पन्नास वर्षांचा संसार, थट्टा व आदर एकवटला आहे. नात्याचे वर्णन करणारे लांब भाषण त्यापुढे फिके पडावे.

राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकातील तळीराम हे याचे दुसरे उदाहरण. तळीराम बुद्धिमान आहे, हजरजबाबी आहे, त्याच्या तोंडी विनोद आहे. प्रेक्षक त्याच्या बोलण्याला हसतो, आणि हसता हसता त्याच्या युक्तिवादाला मान डोलावू लागतो. नेमके हेच सुधाकराच्या बाबतीत घडते. व्यसनाचा पुरस्कर्ता ओंगळ व मूर्ख रंगविला असता, तर सुधाकर त्याच्या नादी लागला हे कोणाला पटले नसते.

४. दुसऱ्याच्या नजरेतून

पात्राविषयी इतर पात्रे काय म्हणतात, यावरूनही त्याचा स्वभाव कळतो. परंतु येथे वाचकाने सावध राहावे लागते. बोलणारा जे सांगतो त्यात ज्याच्याविषयी सांगितले जाते त्याचा स्वभाव जितका असतो, तितकाच सांगणाऱ्याचाही असतो.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रात १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपली हकीकत स्वतः सांगते. बालपणीच्या भागात घरातील वडील माणसांचे वागणे ती जसे दिसले तसे सांगते. मुलाच्या नजरेला जे दिसते त्याचा पुरता अर्थ त्या वयात लागत नाही, पण वाचकाला तो लागतो. जे सांगितले व जे कळले यांमध्ये जी जागा राहते, ती वाचक स्वतः भरून काढतो. धर्माचा बडेजाव मिरविणाऱ्या शंकरमामंजींचे खरे रूप आचार व उच्चार यांतील अंतरामुळे उघडे पडते. लेखकाने त्यांना दूषणे देण्याचे कारण उरत नाही. आणि सांगणारी यमू जसजशी वाढते, संसार पाहते, वैधव्य भोगते, तसतसा तिच्या निवेदनाचा सूरही बदलत जातो. स्वभावाचा विकास भाषेतून दाखविण्याचे हे मराठीतील आरंभीचे व मोलाचे उदाहरण होय.

५. पात्रांची जोडी

पांढऱ्यावर काळे उठून दिसते. लेखक एका पात्राजवळ दुसरे पात्र अशा रीतीने ठेवतो की, दोघांतील भेद स्पष्ट व्हावा. 'एकच प्याला'मध्ये सुधाकराच्या एका बाजूस रामलाल आहे व दुसऱ्या बाजूस तळीराम. एक मित्र सावरू पाहतो, दुसरा घसरणीला हात देतो. सुधाकर दोघांचेही ऐकतो, आणि कोणाचे केव्हा ऐकतो यावरून त्याची उतरण मोजता येते. तसेच सिंधू व गीता. दोघींचे नवरे दारूच्या आहारी गेले आहेत, पण दोघींची रीत निराळी. परिस्थिती सारखी ठेवून माणसे बदलली म्हणजे स्वभाव लख्ख दिसतो. विज्ञानाच्या प्रयोगात आपण बाकीच्या गोष्टी समान ठेवून एकच गोष्ट बदलतो, तसाच हा प्रकार आहे.

६. स्वभावाचा विकास

विकास म्हणजे पात्र अकस्मात बदलणे नव्हे. काल दुष्ट असलेला मनुष्य आज एक उपदेश ऐकून सज्जन झाला, असे दाखविणाऱ्या गोष्टी मुलांनाही खोट्या वाटतात. विकासाचे बीज आधी पेरलेले असावे लागते. 'एकच प्याला' हे नाटक गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, आणि बालगंधर्वांची सिंधू महाराष्ट्रभर गाजली. त्यातील सुधाकर हुशार, मानी व तडफदार वकील आहे. कोर्टातील खटक्यामुळे त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. तो अपमान त्याला सोसत नाही, आणि त्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. ज्या मानीपणामुळे आपल्याला तो आवडतो, तोच मानीपणा त्याला प्याल्यापर्यंत नेतो. अखेरच्या भयंकर प्रसंगापर्यंत पोचल्यावर मागे वळून पाहिले, तर प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर टेकलेली दिसते. गुण व दोष एकाच मुळातून निघालेले दाखविणे, यात स्वभावचित्रणाचे मर्म आहे.

विकासाचे दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. हे आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे. तथापि खऱ्या माणसांचे स्वभावही त्याच रीतींनी उलगडतात, हे पाहण्यास ते उपयोगी आहे. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांचे वास्तव्य अनेक वर्षे नगर व राहुरी येथे होते, आणि तेथील अनेक प्रसंग या ग्रंथात आले आहेत. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे पराकोटीचे सोवळे येते. त्या घरात वाढलेली ही मुलगी पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर प्रथम दूर राहते. पुढे त्यांच्याजवळ आल्यावरही आपला स्वयंपाक व आपले पाणी निराळे ठेवते. मग एकेक गाठ सुटत जाते, आणि अखेर निराधार मुलांना पोटाशी धरणाऱ्या लक्ष्मीबाई आपणांस दिसतात. हा बदल एका दिवसात झालेला नाही. पाण्याची घागर, चूल, पंगत अशा घरगुती वस्तूंच्या आधाराने तो नोंदला गेला आहे. शिवाय लक्ष्मीबाई स्वतःच्या भाबडेपणालाही हसतात, त्यामुळे त्यांच्या सांगण्यावर वाचकाचा विश्वास बसतो.

प्रत्येक पात्र बदललेच पाहिजे असेही नाही. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ साली पात्रांचे दोन वर्ग कल्पिले. एकाच गुणाभोवती बेतलेले सपाट पात्र, आणि पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकणारे भरीव पात्र. दोन्हींना कथेत स्थान आहे. तमाशातील सोंगाड्या प्रत्येक वगात सोंगाड्याच असतो, आणि आपल्याला तो तसाच हवा असतो. केव्हा केव्हा पात्र बदलत नाही, आपली ओळख मात्र वाढते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला जाण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारते, आणि नंतर मायेने जवळ घेते. आई बदललेली नाही. तिची माया किती बाजूंची आहे, हे आपल्याला आता कळले, इतकेच.

७. वर्गातील योजना

वरील विवेचन वर्गात सांगावयाचे नाही. त्यातून पुढील सोप्या कृती निघतात.

(अ) 'कशावरून?' हा प्रश्न. पात्राविषयी मुलाने कोणतेही विशेषण वापरले की, हा प्रश्न विचारावा व उत्तर पाठातील वाक्याकडे बोट ठेवून द्यावयास सांगावे. बोट ठेवता आले नाही, तर विशेषण फळ्यावर लिहू नये. दोन मुलांनी परस्परविरोधी विशेषणे दिली व दोघांनाही आधार सापडला, तर दोन्ही लिहावीत. अशा वेळी वर्गात जी चर्चा होते, ती खरी वाङ्मयीन चर्चा होय.

(आ) चार रकाने. फळ्यावर चार रकाने आखावेत : पात्र काय करते, काय बोलते, इतर त्याच्याविषयी काय म्हणतात, आणि काय करणे त्याला शक्य होते पण त्याने केले नाही. चौथा रकाना मुलांना प्रथम अवघड जातो. दोन-तीन पाठांनंतर तेच त्याची मागणी करू लागतात.

(इ) एक वाक्य, अनेक माणसे. "पाणी आहे का?" हे एकच वाक्य निरनिराळ्या मुलांनी निरनिराळ्या भूमिकांतून म्हणावे : उन्हातून आलेला पोस्टमन, टँकरची वाट पाहून थकलेली आजी, शाळा तपासण्यास आलेला अधिकारी, भांडण करून घरी परतलेला भाऊ. बाकीच्यांनी कोण बोलले ते ओळखावे. यास साहित्य लागत नाही, वेळही फार लागत नाही. संवादातून स्वभाव कसा उमटतो हे मुलांना व्याख्येवाचून समजते.

(ई) विशेषणांवाचून वर्णन. चौथी-पाचवीच्या मुलांनी आपल्या ओळखीच्या माणसाविषयी पाच वाक्ये लिहावीत. अट अशी की, 'चांगला, वाईट, प्रेमळ, रागीट' असा एकही शब्द येता कामा नये. "आजी दाणे निवडताना खडे बाजूला ठेवते आणि ते पाहून मग टाकते" असे एखादे वाक्य आले, तर ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या माणसाविषयी लिहिले, त्याची थट्टा होणार नाही याची काळजी घ्यावी.

(उ) गोष्टीचे नाट्यीकरण. पाठ्यपुस्तकातील गोष्टीचा एकच प्रसंग निवडावा. निवेदकाला रजा द्यावी. जे निवेदक सांगत होता, ते आता कृतीने व संवादाने कसे दाखवावे, याचा निर्णय मुलांनी घ्यावा. भूमिकांची अदलाबदल करावी. जो मुलगा नेहमी राजा होतो त्याला एकदा शिपाई करावे.

८. शिक्षकाची स्वतःची नोंदवही

आरंभी उल्लेखिलेले शिक्षकाचे नित्याचे काम म्हणजे मुलांविषयीच्या नोंदी. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आल्यापासून प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करण्याची जबाबदारी शिक्षकावर आली. 'आज्ञाधारक आहे', 'वर्गात लक्ष देत नाही', 'अभ्यासात मागे आहे' अशी तयार वाक्ये अनेक वह्यांत एकामागून एक आढळतात. काही ठिकाणी निरनिराळ्या मुलांची नोंद अक्षरशः एकच असते. गोष्टीतल्या मुलाला विशेषण चिकटविण्याची जी सवय, तीच येथे जिवंत मुलाच्या बाबतीत दिसते. गोष्टीतल्या मुलाचे त्याने काही बिघडत नाही. वर्गातल्या मुलाचे बिघडते, कारण ती नोंद पुढच्या वर्गाच्या शिक्षकाच्या हाती जाते, आणि तो मुलाला पाहण्याआधी नोंद पाहतो.

आपल्या जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेड आदी तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात आणि हंगाम संपल्यावर परततात. परतलेल्या मुलीविषयी 'अनियमित', 'वाचनात कच्ची' असे लिहिणे सोपे आहे. परंतु कोपीवर धाकट्या भावाला सांभाळून, पहाटे स्वयंपाकाला हात लावून, मोळ्यांचा हिशेब तोंडी ठेवणारी मुलगी त्या दोन शब्दांत कोठे आहे? माणूस काय पत्करतो यावरून त्याचा स्वभाव कळतो, असे आपण वर पाहिले. ज्याला निवडीला वावच नव्हता, त्याच्या गैरहजेरीवरून त्याचा स्वभाव ठरविणे हे वाङ्मयाच्या नियमानेही चूक आहे, आणि न्यायानेही.

यासाठी एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रत्येक नोंदीपुढे शिक्षकांनी स्वतःला 'कशावरून?' असे विचारावे, आणि विशेषणाऐवजी एक घडलेली गोष्ट तारखेसह लिहावी. "लक्ष देत नाही" याऐवजी "१२ तारखेस गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेर पाहत होता, विचारले असता पाखरांची संख्या बरोबर सांगितली" असे लिहिले, तर पुढच्या शिक्षकाला एक मुलगा भेटेल. पटावर तीस-चाळीस मुले असताना सर्वांविषयी रोज असे लिहिणे शक्य नाही, हे मान्य आहे. आठवड्यास तीन मुले घेतली, तरी तीस पटाच्या वर्गात दहा आठवड्यांत एक फेरी पुरी होते.

शिक्षकबंधुभगिनींनी पुढील महिन्यात वरील पाच कृतींपैकी कोणत्याही दोन आपल्या वर्गात करून पाहाव्यात, आणि एका मुलाविषयी वर सुचविल्याप्रमाणे लिहिलेल्या तीन नोंदी, मुलाचे नाव न घालता, केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचनासाठी आणाव्यात. त्या ऐकून बाकीच्यांनी तो मुलगा कसा असावा हे सांगावे, आणि सांगताना आधार दाखवावा.